बोलक्या दगडांशी गाठ

भाचेबुवा, धातू शोधायचं यंत्र घेतलंत, झकास केलंत. आता खोक्यातलं माहितीपुस्तक घटकाभर बाजूला ठेवा आणि मामाचं ऐका. ते पुस्तक सगळ्या जगासाठी लिहिलेलं आहे, त्यात पेणचं खाचर नाही आणि रोह्याचा राबही नाही. माझी उमर टेलिफोनच्या जमिनीखालच्या केबली शोधण्यात गेली आणि निवृत्तीनंतर लोकांचे हरवलेले दागिने शोधण्यात चालली आहे. इथली जमीन यंत्राला कशी फसवते, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

आधी आशा नीट आखून घे. पेणपासून रोह्यापर्यंतचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले त्याचा हा दगड. त्यात सोन्याची शीर नाही आणि नदीच्या वाळूत सोन्याचे कणही नाहीत. आपल्या राज्यात सोन्याचा मागमूस लागतो तो नागपूर-भंडाऱ्याकडच्या याहून कितीतरी जुन्या खडकांत. तिकडे पूर्वेच्या नद्या-ओढ्यांची वाळू धुऊन सोनझारी लोक कण काढत आले. शेजारी कर्नाटकात कोलारची खाण २००१ साली बंद पडली, हट्टीची अजून चालते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात १९८० साली केव्हिन हिलियर नावाच्या माणसाला डिटेक्टरवर २७ किलोचं सोन्याचं ढेकूळ लागलं. ते चित्र तू बघितलं असशील, त्याच्या पायी कुंडलिका नदीचा काठ उकरत बसू नकोस. आपल्याकडे जमिनीत जे सोनं आहे ते कुणाच्या तरी बोटातून, गळ्यातून नाहीतर कानातून पडलेलं आहे. तेच शोधायचं.

आता मुख्य अडचण. पहिल्याच दिवशी यंत्र हाती घेऊन शेतात उतरशील आणि दर दोन पावलांना ते ओरडेल. तू बसून खणशील, हाताला लागेल काळा धोंडा. पुन्हा खणशील, पुन्हा धोंडा. परदेशात सोनं शोधणारे अशा दगडाला हॉट रॉक म्हणतात. मी बोलका दगड म्हणतो. संध्याकाळपर्यंत तुझी खात्री होईल की यंत्र नासकं निघालं, आणि तू दुकानदाराला फोन लावशील. लावू नकोस. यंत्र बरोबर चाललेलं असतं.

यंत्राच्या टोकाची तबकडी जमिनीत चुंबकीय लहर सोडते आणि परत येणारा प्रतिसाद ऐकते. मातीतल्या लोहखनिजाचा प्रतिसाद जवळजवळ लगेच येतो, सोन्या-तांब्याचा किंचित रेंगाळून येतो. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे. ग्राउंड बॅलन्स करताना, म्हणजे यंत्र जुळवताना, आपण त्याला सांगतो की अमुक प्रतिसाद या जमिनीचा समज आणि त्याकडे काणाडोळा कर. मग ज्या दगडाचा प्रतिसाद त्या हिशेबात बसत नाही, तो बोलतो. बेसाल्टमध्ये वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त लोहाची संयुगं, आणि त्यांतला काही भाग मॅग्नेटाइटच्या जातीचा. तेव्हा इथे मुका दगड शोधूनच काढावा लागेल.

पण नीट लक्षात घे. खाचरातल्या मऊ गाळावर यंत्र जुळवलंस आणि तसाच बांधाकडे गेलास, तर बांधाचा एकेक धोंडा बोंब मारायला लागतो. तेच यंत्र बांधावर जुळवून घे, तेच धोंडे गप्प बसतात. दगड बोलतो तो आजूबाजूच्या मातीपेक्षा निराळा असतो म्हणून. यंत्र कितीचं घेतलंस याला फार महत्त्व नाही, कुठल्या मातीवर जुळवलंस याला आहे. माती पालटली की थांब. स्वच्छ, धातू नसलेली जागा बघ, तबकडी जमिनीपासून वीतभर वर-खाली कर, आवाज स्थिर झाला की पुढे जा. खाचरातून बांध, बांधातून वरकस, वरकसातून ओढा, दर वेळी नव्याने. आळस करणारा माणूस दिवसभर धोंडे वेचतो.

बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत, त्या कानात बसवून घे. ताजा, जड, काळा दगड असेल तर तबकडी वरून जाताना आवाज उलट दबतो आणि ती पुढे सरकली की मागून ‘टुंई’ असा झोल येतो. हा ओळखायला सोपा. दुसरी तऱ्हा फसवी. लालसर सडलेला दगड, जांभ्याचा तुकडा, भाजलेली वीट, खापर यांतलं लोहखनिज उन्हापावसाने किंवा आगीने बदललेलं असतं. ते अगदी धातूसारखा वर चढणारा आवाज देतात. जांभ्याचे चिरे आता गावोगाव ट्रकने येऊन पडतात आणि पेणच्या आसपास वीटभट्ट्या म्हणशील तर विचारू नकोस. त्यामुळे घराच्या अंगणात, जोत्याच्या कडेला, भराव घातलेल्या वाटेवर हा फसवा आवाज जास्त. लोहाराची जुनी भट्टी जिथे होती तिथलं लोहकीटही असंच बोलतं.

पारख करायच्या युक्त्या सांगतो. घाईत एकच वापरू नकोस. आवाज लागला की तबकडी हळूहळू वर उचल. अंगठीचा आवाज उंचीबरोबर हळूहळू पातळ होतो, बोलक्या दगडाचा चार बोटं उचललं की तुटतो. मग आडवी फिरवत होतास ती तबकडी त्याच जागेवर उभ्या दिशेने, पुढे-मागे फिरव. सोन्याला काठ असतो, आवाज एका जागी सुरू होऊन तिथल्या तिथे संपतो. दगडाचा आवाज फुगलेला, खरखरीत, तळहाताएवढ्या जागेत पसरलेला. वेग कमी कर. तबकडी झाडू मारल्यासारखी फिरवणाऱ्याला दगड आणि दागिना सारखेच ऐकू येतात. तरी शंका राहिली तर त्या दगडावरच यंत्र जुळवून बघ. तो गप्प झाला आणि शेजारी ठेवलेली तुझी अंगठी तरीही वाजली, तर तो दगड होता. अंगठीही मुकी झाली तर जुळवणी चुकली, परत कर.

म्हणून बोटातली एक साधी वळी कायम बरोबर ठेव, लाल दोरा बांधून. नव्या शेतात गेलास की ती चार बोटं मातीत पूर आणि तिचा आवाज आधी ऐक. त्या मातीतलं सोनं कसं वाजतं हे कानाला कळल्याशिवाय शोधाला लागू नये. परत निघताना दोरा धरून वळी वर काढ. बायकोची अंगठी या कामाला नेऊ नकोस, एवढंच सांगतो.

जुन्या स्पीकरचं चुंबक खुरप्याच्या मुठीला बांधून ठेव. खणलेला दगड चुंबकाला हलका चिकटला की तो बोलका दगड समज. रेवदंड्याला, कुंडलिकेच्या मुखापाशी गेलास तर किनाऱ्यावरच्या वाळूतही चुंबक फिरवून बघ. काळे कण केसासारखे उभे राहिले तर तिथे संवेदनशीलता उतरवावी लागणार, हे आधीच कळतं.

तू त्या दगडांना शिव्या घालशील म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाने त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्वतःत साठवून घेतलं. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांतलं ते चुंबकत्व मोजून दाखवलं की हा थर साचला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात या गोष्टीवर तेव्हा पुष्कळांचा विश्वास नव्हता. तुला त्रास देणारा आवाज ज्या लोहखनिजाचा, त्याच्यावरच दगडांतलं जुनं चुंबकत्व वाचण्याचं शास्त्र उभं आहे. असो.

आता राब. ही गोष्ट कुठल्याही यंत्राच्या पुस्तकात मिळणार नाही. पेण-रोह्याकडे भाताच्या रोपांसाठी जमिनीचा तुकडा भाजतात, शेण, कवळ, पालापाचोळा, वर माती, आणि पेटवून देतात. वर्षानुवर्षं त्याच जागी. माती तापते आणि पालापाचोळ्याच्या धगीत तिच्यातलं गंजासारखं लोह बदलून चुंबकाला ओढणारं होतं. जळलेली माती न जळलेल्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय होते, हे १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या ल बोर्न यांनी मोजून दाखवलं. आज पुरातत्त्व खात्याची माणसं जमिनीत गाडलेल्या जुन्या चुली आणि भट्ट्या याच गुणावर हुडकतात. आपल्या शेतकऱ्याने हे न मोजता पिढ्यान् पिढ्या केलं, आणि तुझं यंत्र राबात पाय ठेवला की वेडं होतं ते यामुळे.

गंमत अशी की दागिना हरवायची जागाही तीच. आषाढात बायका राबात वाकून आवण उपटतात, दोन्ही हातांनी, ओल्या चिखलात. पाण्याने बोटं आकसतात, अंगठी सैल होते. उपटलेल्या रोपांच्या मुळांना चिखल असतो, तो धुतात, मुठी बांधतात आणि त्या मुठी दुसऱ्या खाचरात जातात. म्हणून शेतात पाय ठेवण्याआधी बाईंना विचार, आणि घाई न करता विचार. शेवटची कधी दिसली, त्या दिवशी आवण काढत होतात की लावत होतात, मुळं कुठे धुतलीत, हात कुठे खंगाळलेत. निम्मं काम या चौकशीत होतं. यंत्र उरलेलं निम्मं करतं.

रोहा तालुक्यातल्या एका घरातून असंच बोलावणं आलं. वहिनींची साधी वळी लावणीत गेली होती आणि आम्ही गेलो पौषात, शेत सुकल्यावर. घरातल्या पोरांनी सगळा राब उकरून ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, मुळं राबाच्या कडेच्या पाटात धोंड्यावर आपटून धुतली. पाट कोरडा होता, धोंडा तिथेच होता, पाठीसारखा गुळगुळीत. तबकडी धरली आणि धोंडा मोठ्याने बोलला, रुंद, खरखरीत. वीतभर उचलली, आवाज गायब. चुंबक चिकटलं. म्हणजे बोलका दगड, यात संशय नाही. बरोबरचे लोक पुढे चालायला लागले. मी धोंडा कलंडून तीन-चार हात लांब सारला आणि रिकाम्या खळग्यावर यंत्र नव्याने जुळवलं. खळग्याच्या कडेला, चिखलाच्या वाळलेल्या पापुद्र्याखाली, बारीक, टोकदार, एकाच जागी बसलेला आवाज होता. वळी दोन बोटांवर निघाली. वहिनींनी ती पदराने पुसली आणि बोटात घातली नाही, कनवटीला खोचली.

तेव्हा बोलका दगड निघाला की काम संपलं असं समजू नकोस. दगड दूर कर आणि त्याचीच जागा परत तपास. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज दबून राहतो, आणि सोनं जड असल्याने चिखलात खाली जाऊन दगडाच्या कुशीला थांबतं. लहान तबकडी असेल तर अशा ठिकाणी ती लाव. ती एका वेळी कमी माती आणि कमी दगड बघते, म्हणून लहान आवाज सुटा ऐकू येतो. मोठी तबकडी खोल बघते हे खरं, पण लावणीत हरवलेली अंगठी हातभर खोल जात नाही.

पेणच्या खारेपाटाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे दगड थोडे, पण मीठ. ओल्या खाऱ्या चिखलातून वीज वाहते, म्हणून जमीन स्वतःच बारीक धातूसारखी बोलते, आणि तो आवाज पातळ सोन्याच्या आवाजाशी जवळचा. मिठागरांच्या बाजूला किंवा भरतीचं पाणी येतं त्या खाजणात संवेदनशीलता उतरवल्याशिवाय काही उमगत नाही. त्यापेक्षा उत्तम उपाय म्हणजे थांबणं. फाल्गुनात माती फुटून भेगा पडल्या की मीठ गप्प बसतं. सोनं गंजत नाही, कुठे पळतही नाही. फक्त मधे नांगर आणि ट्रॅक्टर फिरू देऊ नका, असं घरच्यांना सांगून ठेव.

कुठला दागिना कसा वाजतो, तेही समजून घे, नाहीतर दगड-दागिना ओळखायच्या सगळ्या युक्त्या फुकट जातील. बांगडी, पाटली, अंगठी अशी बंद गोल वस्तू जोरात वाजते. नाजूक साखळी मात्र दगा देते, तिची कडी-कडी वेगळी असते, यंत्राला ती धातूची भुकटी वाटते आणि ऐकू येतो तो बहुधा फासा. मंगळसूत्रात मण्यांचा आवाजच नसतो, वाट्या वाजतात. नथ आणि कुडी यांचा आवाज इतका बारीक की बेसाल्टात त्या शोधायला फार सावकाश जावं लागतं. यंत्रावर लोखंड आणि कचरा गाळायची सोय असते, ती बंद ठेव. गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद आणि पातळ अंगठी यंत्राला एकाच जातीची वाटतात, पुडी गाळलीस की अंगठीही गळाली. बैलाच्या नालाचे खिळे निघतील, फाळाचे तुकडे निघतील, कोल्ड्रिंकची बुचं निघतील. खणलेलं सगळं पिशवीत घाल, शेतात परत टाकू नकोस, नाहीतर तोच खिळा तुला पुढच्या वर्षी भेटेल.

एक कटकट मुद्दाम सांगतो. यंत्र असल्याची बातमी पसरली की संध्याकाळनंतर लोक येतील. आमच्या वाड्यात धन आहे, अमक्या गडावर हंडा आहे, अमावास्येला जाऊ. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुप्तधनाच्या नावाने होणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा ठरले आहेत. आणि गडावर तबकडी फिरवायची नाहीच. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने बंद आहे. सांकशी असो, अवचितगड असो, कोर्लई असो, तिथे पाठीवर सॅक आणि पाण्याची बाटली, बस्स. वनखात्याच्या हद्दीतही तेच.

उद्या शेतात नाण्यांचं गाडगं लागलंच तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत लपवलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, आपल्यासाठी म्हणजे अलिबागला. नीट कळवलं आणि ते धन बेवारस ठरलं तर कायद्यात शोधणाऱ्याचा वाटा आहे, जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक-चतुर्थांश मालकाचा. दडवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत तुरुंगही होऊ शकतो. एखाद्या बाईची परवा पडलेली अंगठी हे काही निखात धन नव्हे, ती जिची तिला द्यायची. मोबदला म्हणून मी नारळ घेतो. तू पेट्रोलचे पैसे घे, हरकत नाही, पण ते आधी ठरव आणि सापडो न सापडो तेवढेच घे. सोन्याच्या किमतीवर हिस्सा मागणारा माणूस मला आवडत नाही.

शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नकोस. उभ्या पिकात उतरू नकोस. वालाचं पीक भात काढल्यावर त्याच खाचरात असतं, ते लहान असताना दिसत नाही, खाली बघून चाल. बांधातला बोलका धोंडा काढलास तर होता तसाच परत बसव, सैल बांध पहिल्या पावसाला फुटतो आणि शेजाऱ्याच्या खाचरात माती जाते. आणि खणलेला प्रत्येक खड्डा पायाने दाबून बुजव. मृगात तिथे नांगर धरलेली माणसं आणि वाकलेल्या बाया अनवाणी फिरणार आहेत.